‘बचत’ या संज्ञेची परीक्षा : ओगल्लाला जलधरावरील सिंचन-संशोधनाचे समालोचन

सिंचनविषयक संशोधनात ‘पाण्याची बचत’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. प्रयोगाच्या वाफ्यात एका पद्धतीने इतके पाणी लागले, दुसऱ्या पद्धतीने त्याहून कमी लागले, सबब बचत झाली, असा निष्कर्ष प्रबंधाच्या अखेरीस मांडला जातो आणि तो निर्विवाद समजला जातो. प्रस्तुत लेखात ह्याच संज्ञेची परीक्षा करावयाची आहे. त्यासाठी अमेरिकेच्या उच्च मैदानी प्रदेशातील ओगल्लाला जलधरावर झालेले संशोधन आम्ही घेतले आहे. भूगर्भातील पाणी आटत असता त्यावरील शेतीचा अभ्यास इतक्या दीर्घ काळ, इतक्या साधनसामग्रीनिशी आणि इतक्या चिकाटीने फार थोड्या ठिकाणी झाला आहे. म्हणून ह्या संशोधनाचे गुणदोष पाहणे आपल्याकडील अभ्यासकांनाही उपकारक ठरेल असे वाटते.

१. प्रदेश आणि इतिहास

ओगल्लाला हा उच्च मैदानी जलधराचा मुख्य घटक होय. हा जलधर साउथ डकोटापासून टेक्ससपर्यंत आठ राज्यांच्या काही काही भागांखाली मिळून सुमारे १,७४,००० चौरस मैल पसरलेला आहे. रॉकी पर्वतावरून वाहत आलेल्या नद्यांनी आणून टाकलेली वाळू, रेव व गाळ ह्यांचा हा थर असून त्यातील पाणी हजारो वर्षे साठत आलेले आहे. दक्षिणेकडील भागात वार्षिक पाऊस सुमारे १८ इंच, म्हणजे आपल्या माण-खटावच्या पावसाशी तुलना करता येईल इतकाच पडतो. त्यातून जलधरास मिळणारे पाणी अत्यल्प असते, आणि तेही मुख्यतः ‘प्लाया’ नावाच्या उथळ, बशीसारख्या तळ्यांतून झिरपते.

ह्या पाण्याच्या मर्यादेची जाणीव नवी नाही. विलर्ड जॉन्सन ह्या भूवैज्ञानिकाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच, संयुक्त संस्थानांच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अहवालात, ह्या प्रदेशात सरसकट सिंचन शक्य होणार नाही असे मत नोंदवले होते. परंतु १९३० च्या दशकातील धुळीची वादळे, दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले स्वस्त पंप व स्वस्त नैसर्गिक वायू, आणि १९५० च्या दशकातील अवर्षण ह्या तीन कारणांनी जॉन्सनचा इशारा मागे पडला. १९५२ मध्ये फ्रँक झायबाख ह्या शेतकऱ्यास केंद्राभोवती फिरणाऱ्या तुषारनळीचे स्वामित्वपत्र मिळाले. तेव्हापासून विमानातून दिसणारी हिरवी वर्तुळे ही ह्या प्रदेशाची ओळख होऊन बसली.

सर्वेक्षणाच्या गणितानुसार विकासपूर्व काळापासून, म्हणजे सुमारे १९५० पासून, २०१५ पर्यंत जलधरातील साठा २७.३२ कोटी एकर-फुटांनी घटला. जलपातळी क्षेत्रभारित सरासरीने १५.८ फूट खाली गेली. २०१५ मध्ये काढता येण्याजोगा साठा सुमारे २९१ कोटी एकर-फूट होता. हे आकडे शेजारी ठेवले तर घट साडेआठ टक्क्यांच्या आसपास भरते, आणि वाचकास वाटेल की एवढी चिंता कशासाठी? येथेच पहिली सावधगिरी बाळगावी लागते. टेक्ससमधील सरासरी घट सुमारे ४१ फूट आहे आणि काही विहिरींत ती २३४ फुटांपर्यंत गेली आहे. उलट काही ठिकाणी पातळी ८४ फुटांनी वर आली आहे. नेब्रास्कातील वालुकामय टेकड्यांखालचे पाणी टेक्ससच्या विहिरीस उपयोगी पडत नाही. ब्रिजेट स्कॅनलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की एकूण घटीपैकी सुमारे एक-तृतीयांश घट केवळ ४ टक्के क्षेत्रात झाली आहे, आणि दक्षिण भागातील ३५ टक्के क्षेत्र पुढील ३० वर्षांत सिंचनास असमर्थ होईल. सारांश, समग्र जलधराची सरासरी हा आकडा खरा असला तरी ज्याची विहीर आटली त्याच्या संदर्भात तो निरर्थक होय.

२. तांत्रिक संशोधनाचे श्रेय

दोषदर्शनाकडे वळण्यापूर्वी ह्या संशोधनाचे श्रेय त्यास देणे न्यायाचे ठरेल. टेक्ससमधील बुशलँड येथील प्रयोगशाळा १९३८ मध्ये, धुळीच्या वादळांच्या पार्श्वभूमीवर, स्थापन झाली. तेथे पुढे बसविलेले भारमापक लायसीमीटर हे शेतीशास्त्रातील अत्यंत काटेकोर साधनांपैकी एक आहे. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटरांहून अधिक खोल असा मातीचा अखंड ठोकळा पोलादी पेटीत घालून तो पिकासह अहोरात्र तोलला जातो, आणि त्यावरून जमिनीतून व पानांतून मिळून किती पाणी वातावरणात गेले हे मोजले जाते. पीक किती पाणी ‘पिते’ ह्या प्रश्नाचे उत्तर अंदाजावर न सोडता तराजूवर आणले, ही मोलाची कामगिरी होय.

दुसरी कामगिरी लायल आणि बोर्डोव्स्की ह्यांची. त्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी टेक्ससमध्ये अल्प दाबाने पाणी देण्याची पद्धत विकसित केली. ती ‘लेपा’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. फिरत्या नळीपासून खाली लोंबणाऱ्या नळ्यांनी पाणी जमिनीलगत सोडावयाचे आणि सरीत ठरावीक अंतरावर बांध घालून ते जागीच मुरवावयाचे, अशी ही योजना आहे. वाऱ्याने उडून जाणारे व वाफ होणारे पाणी तिने वाचते, आणि दिलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी मुळांच्या कक्षेत पोचते असे प्रयोगांत आढळले. दाब कमी असल्याने इंधनही कमी लागते. २००३ पासून बुशलँड व लबक येथील केंद्रीय प्रयोगशाळा आणि टेक्सस व कॅन्ससमधील चार विद्यापीठे ह्यांच्या सहकार्याने ‘ओगल्लाला जलधर कार्यक्रम’ चालू झाला. त्यात सिंचनाचे वेळापत्रक, पिकांचे वाण, आर्थिक प्रतिमाने इत्यादी विषयांवर विपुल लेखन झाले आहे.

३. एक शब्द, तीन अर्थ

हे सर्व साहित्य वाचीत असता असे लक्षात येते की ‘बचत’ हा शब्द त्यात निदान तीन भिन्न अर्थांनी येतो. पहिला अर्थ शेताच्या पातळीवरचा : पंपाने उपसलेल्या पाण्यापैकी मुळांपर्यंत पोचणारा हिस्सा वाढला. दुसरा अर्थ पिकाच्या पातळीवरचा : एक इंच पाण्यामागे मिळणारे धान्य वाढले. तिसरा अर्थ जलधराच्या पातळीवरचा : वर्षअखेरीस जलधरातून कायमचे गेलेले पाणी पूर्वीपेक्षा कमी झाले. पहिली दोन ही गुणोत्तरे आहेत, तर तिसरे हे परिमाण आहे. गुणोत्तर सुधारत असता परिमाण बिघडू शकते. ही गोष्ट गणितात उघड असली तरी निबंधाच्या निष्कर्षात सहज झाकली जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सरीने पाणी देणारा शेतकरी १०० माप पाणी उपसतो आणि त्यातील ६० माप पिकास मिळते. लेपा पद्धतीने तेच ६० माप देण्यास त्यास सुमारे ६३ माप उपसावे लागेल. तो तेवढेच उपसून थांबला, तर उपसा ३७ मापांनी घटला. परंतु तो पूर्वीप्रमाणेच १०० माप उपसत राहिला, तर पिकास ९५ माप मिळते. उत्पन्न वाढते, पाण्याची कार्यक्षमता ६० वरून ९५ टक्क्यांवर जाते, प्रयोगशाळेचा अहवाल यशस्वी ठरतो, आणि जलधराची घट मात्र तसूभरही थांबत नाही. शेतकरी ह्यांपैकी कोणता मार्ग पत्करील हे नळीच्या रचनेवर अवलंबून नसून पाण्यावरील त्याच्या हक्कावर, बाजारभावावर आणि शेजाऱ्याच्या पंपावर अवलंबून आहे. लायसीमीटर पिकाविषयी सत्य सांगतो. शेतकऱ्याच्या निर्णयाविषयी तो काहीच सांगू शकत नाही, आणि ते सांगण्यासाठी तो बनविलेलाही नाही.

ह्या प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर कॅन्ससमध्ये मिळाले. त्या राज्यात सिंचनासाठी उपसलेल्या पाण्याची दरवर्षी नोंद द्यावी लागते, म्हणून तेथे असा अभ्यास शक्य झाला. लिसा फायफर आणि सिंथिया लिन ह्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, साध्या फिरत्या तुषारनळीवरून लोंबत्या नळ्यांच्या पद्धतीकडे वळलेल्या शेतांचा उपसा तपासला. ह्या परिवर्तनास शासकीय साहाय्यही मिळत होते. निष्कर्ष असा निघाला की, उपसा कमी न होता वाढला, आणि त्याचे एक कारण अधिक पाणी मागणाऱ्या पिकांकडे शेतकरी वळले हे होते. कोळशाच्या बाबतीत जेव्हन्सने १८६५ मध्ये जे सांगितले, की यंत्र अधिक कार्यक्षम झाले म्हणजे कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो, तेच येथे पाण्याच्या बाबतीत अनुभवास आले.

४. टीकाकारांचीही परीक्षा

येथवर आल्यावर अनेक अभ्यासक ‘सिंचन-कार्यक्षमतेचा विरोधाभास’ ह्या नावाने परिचित झालेल्या सिद्धांताचा आधार घेतात. वॉर्ड आणि पुलिडो-वेलाझ्केझ ह्यांनी २००८ मध्ये वरच्या रिओ ग्रांद खोऱ्याच्या अभ्यासातून तो मांडला, आणि ग्राफ्टनप्रभृती विद्वानांनी २०१८ मध्ये त्यास व्यापक रूप दिले. त्यांचा युक्तिवाद असा : शेतातून ‘वाया’ गेलेले पाणी खरोखर वाया जात नाही, ते झिरपून नदीस किंवा भूजलास परत मिळते व खालच्या अंगाच्या शेतकऱ्यास उपयोगी पडते. तेव्हा ही गळती थांबविणे म्हणजे बचत नव्हे, ते दुसऱ्याच्या पाण्याचे अपहरण होय.

हा युक्तिवाद मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु तो जसाच्या तसा ओगल्लालास लावणे आम्हास सयुक्तिक वाटत नाही. नदीच्या खोऱ्यात परतीचे पाणी त्याच हंगामात खाली पोचते. उच्च मैदानाच्या दक्षिण भागात जलपातळी शंभर-दोनशे फूट किंवा त्याहून खोल असते, आणि मुळांखाली उतरलेल्या पाण्यास तेथवर पोचण्यास कित्येक दशके लागू शकतात. आज उपसणारा शेतकरी त्या परतीच्या पाण्याचा लाभ आपल्या हयातीत घेईलच असे नाही. शिवाय सरीतून किंवा उंच तुषारातून वाफ होऊन गेलेले पाणी तर कधीच परत येत नाही, आणि ते वाचविणे ही तिसऱ्या अर्थानेही खरी बचत आहे. मग विरोधाभास येथे घडतो तो कोणत्या मार्गाने? तो परतीच्या पाण्याच्या नव्हे, तर पीकबदलाच्या व वाढत्या भिजवणीच्या मार्गाने घडतो. कारण भिन्न असल्याने उपायही भिन्न असला पाहिजे. खोऱ्यात परतीच्या पाण्याचा हिशेब ठेवणे अगत्याचे, तर येथे उपशाची मर्यादा ठरविणे अगत्याचे. कॅन्ससचा अनुभव सांगताना रिओ ग्रांदचे स्पष्टीकरण देणारे लेख हा भेद ओळखीत नाहीत. तांत्रिक संशोधकांनी ‘बचत’ हा शब्द जितक्या सैलपणे वापरला, तितक्याच सैलपणे काही टीकाकारांनी ‘विरोधाभास’ हा शब्द वापरला आहे.

५. गृहीत धरलेला कायदा

ह्या संशोधनाचा आमच्या मते सर्वांत मोठा दोष त्याने जे मोजले त्यात नसून, जे गृहीत धरले त्यात आहे. टेक्ससमध्ये १९०४ च्या न्यायनिर्णयापासून जमिनीचा मालक आपल्या जमिनीखालचे पाणी हवे तितके उपसू शकतो असे तत्त्व चालत आले आहे. पुढे भूजल-संधारण जिल्ह्यांनी त्यावर काही निर्बंध घातले, तरी मूळ कल्पना कायम राहिली. कोलोरॅडोत १९७० च्या फंडिंग्जलँड खटल्यात जो नियम मान्य झाला, त्यानुसार नव्या विहिरीभोवतीच्या तीन मैल त्रिज्येच्या वर्तुळात २५ वर्षांत ४० टक्क्यांहून अधिक साठा संपत असेल तरच परवानगी नाकारावयाची होती. म्हणजे चाळीस टक्के संपविणे हे नियमातच अभिप्रेत होते. १९६५ च्या शर्बेट खटल्यात तर, दक्षिण उच्च मैदानातील भूजल पुन्हा भरून येण्याजोगे नसल्याने, खाणीच्या मालकास खनिजाच्या घटीबद्दल मिळते तशी प्राप्तिकरातील सूट शेतकऱ्यास पाण्याच्या घटीबद्दल मिळावी असा निर्णय झाला. पाणी संपत आहे हे करखात्याच्या हिशेबात मान्य झाले, पण उपशाच्या हिशेबात झाले नाही, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

अशा चौकटीत अर्थशास्त्रीय प्रतिमान जो प्रश्न विचारते, तो असा असतो : उरलेल्या पाण्यातून अधिकात अधिक निव्वळ उत्पन्न कसे काढावे? हा प्रश्न गैर नाही. ज्याच्यावर कर्जाचा हप्ता आहे त्यास तो विचारावाच लागतो. परंतु हा संपविण्याच्या उत्तम क्रमाचा प्रश्न आहे, संधारणाचा नव्हे. दोहोंस एकच नाव दिल्याने वाचकाची आणि धोरणकर्त्याचीही दिशाभूल होते. डेव्हिड स्टुअर्ड व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कॅन्ससविषयी दाखविले की तेथील ३० टक्के पाणी उपसले गेले होते, हीच गती राहिल्यास पुढील ५० वर्षांत आणखी ३९ टक्के जाईल, पुनर्भरण उपशाच्या अवघे १५ टक्के आहे, आणि रिकामा झालेला जलधर पुन्हा भरण्यास ५०० ते १३०० वर्षे लागतील. ज्या संपत्तीचे पुनर्भरण इतके मंद आहे तेथे ‘संधारण’ ह्या शब्दाचा अर्थ किती वर्षांच्या हिशेबाने लावावयाचा, हे संशोधकाने आरंभीच सांगितले पाहिजे.

६. शेरिडनचा अपवाद

अपवाद म्हणून वायव्य कॅन्ससमधील ‘शेरिडन ६’ ह्या क्षेत्राकडे पाहावे. २०१२ च्या कायद्याने स्थानिक शेतकऱ्यांना आपल्या उपशावर स्वतःच मर्यादा घालून तिला कायद्याचे बळ मिळविण्याचा मार्ग मोकळा झाला. तेथील ९९ चौरस मैलांतील सिंचकांनी २०१३ पासून पाच वर्षांसाठी एकरी एकूण ५५ इंच पाणी अशी मर्यादा स्वीकारली. कोणत्या वर्षी किती वापरावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावे, मात्र पाच वर्षांची बेरीज ओलांडू नये. उपसा सुमारे २० टक्क्यांनी घटविणे हा उद्देश होता. जिलियन डाइन्स व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ही योजना नसती तर जो उपसा झाला असता त्या मानाने प्रत्यक्ष उपसा ३१ टक्क्यांनी कमी आढळला. विशेष म्हणजे भिजवणीचे क्षेत्र फारसे न घटता, मुख्यतः त्याच पिकांना कमी पाणी देऊन हे साधले.

येथे मर्म हे आहे की नळ्या त्याच, लायसीमीटरवरून सिद्ध झालेली वेळापत्रकेही तीच. फरक पडला तो मर्यादा आधी ठरल्यामुळे. मर्यादा ठरल्यावर शेतकऱ्यास मातीतील ओल मोजण्याची, पाऊस झाल्यावर पंप बंद ठेवण्याची गरज वाटू लागली, आणि इतके दिवस कपाटात पडून असलेले तांत्रिक ज्ञान कामी आले. म्हणून तांत्रिक संशोधन व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ते मर्यादेच्या पाठीशी उभे राहिले तर बचत घडविते, आणि मर्यादेच्या जागी उभे राहिले तर उपसा वाढविते. अर्थात ९९ चौरस मैल हे समग्र जलधराच्या दीड हजाराव्या भागाहूनही लहान क्षेत्र आहे, हे विसरता कामा नये.

७. आपल्या अभ्यासकांसाठी

हे संशोधन आपल्याकडे उद्धृत होते, म्हणून शेवटी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे ओगल्लाला नव्हे. तेथील थरातून घनफळाच्या सरासरी १५ टक्के पाणी निथळते, तर आपल्या झिजलेल्या बेसाल्टमधून एक ते तीन टक्के. तेथे हजारो वर्षांची ठेव आहे, तर येथे दर पावसाळ्यात भरणारा व फाल्गुन-चैत्रात तळ गाठणारा एक लहानसा रांजण आहे. तेथे झिरपलेले पाणी दशकांनी खाली पोचते, तर येथे उथळ विहिरीस ते त्याच हंगामात मिळू शकते. तेव्हा ज्या परतीच्या पाण्याचा युक्तिवाद ओगल्लालास लागू पडत नाही असे वर म्हटले, तोच आपल्या उथळ विहिरींस पुष्कळ अंशी लागू पडतो. ठिबकाने वाचलेल्या पाण्यातील काही भाग पूर्वी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरत असेल, आणि वाचलेल्या पाण्यावर नवा ऊस किंवा नवी फळबाग उभी राहिली तर एकूण वापर वाढतो. आपल्याकडे दोन्ही मार्ग खुले आहेत, म्हणून आपल्या अभ्यासकाची जबाबदारी दुप्पट आहे.

मर्यादा आधी ठरविण्याचे तत्त्व आपणांस परके नाही. विलासराव साळुंखे ह्यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने माणशी अर्ध्या एकराचे पाणी, ऊसास बंदी आणि भूमिहीनासही वाटा हे नियम घातले. कोणते तंत्र वापरावे हा प्रश्न त्यानंतरचा होता. सिंचनाच्या प्रयोगांवरील लेखनात ह्या अनुभवाचा उल्लेख क्वचितच आढळतो. तो बहुधा समाजशास्त्राचा विषय मानून सोडून दिला जातो, आणि ही विभागणीच मुळात चुकीची आहे.

ह्यास्तव पदव्युत्तर अभ्यासकांस आमची सूचना एवढीच आहे. प्रबंधात ‘बचत’ हा शब्द लिहिताना ती तीन अर्थांपैकी कोणत्या अर्थाने, हे त्याच वाक्यात नोंदवावे. वाफ्यात कमी लागलेले पाणी पुढे कोठे गेले, म्हणजे ते विहिरीत राहिले, शेजारच्या पिकास गेले की नव्या क्षेत्रास, ह्याचा निदान एका हंगामाचा हिशेब जोडावा. तो मिळत नसेल तर निष्कर्षात ‘उपयोगाची कार्यक्षमता वाढली’ एवढेच म्हणावे आणि तेथे थांबावे. परीक्षकांनीही ह्याहून अधिक दावा पुराव्यावाचून मान्य करू नये. ओगल्लालावरील संशोधकांना ह्या भेदाची किंमत कळण्यास अर्धशतक लागले, कारण त्यांच्यापाशी उपसण्यास पाणी होते. आपल्या विहिरींपाशी तेवढी उसंत नाही.